विल्सन यांचा वारसा आणि कचेरीतले पडदे

लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिलेल्या कोणाही मराठी अधिकाऱ्याला वुड्रो विल्सन हे नाव नवे नाही. दिल्लीतील राजेंद्रनगरच्या शिकवणी वर्गांत ते पहिल्या काही दिवसांतच फळ्यावर येते. प्रशासन राजकारणाच्या धकाधकीपासून वेगळे ठेवावे, कारभाराला शास्त्राची शिस्त असावी, नोकरवर्ग पात्रतेवर निवडलेला असावा, असा विचार विल्सन यांनी १८८७ साली एका निबंधात मांडला आणि या विद्याशाखेचा जन्म त्या निबंधापासून मानण्याची प्रथा पडली. हेच विल्सन पुढे अमेरिकेचे २८ वे राष्ट्राध्यक्ष झाले, राष्ट्रसंघाचे शिल्पकार ठरले, शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. उत्तरपत्रिकेला एवढे पुरते. परीक्षा देऊन सरकारी सेवेत वर चढलेल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना पडद्याआड बसविण्याचे काम याच विद्वानाच्या राजवटीत झाले, ही गोष्ट मात्र उत्तरपत्रिकेत सहसा येत नाही.

जून २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या सार्वजनिक धोरणविषयक संस्थेला असलेले विल्सन यांचे नाव काढून टाकले. त्या निमित्ताने झालेल्या वादात विल्सन यांच्या मनात कोणते पूर्वग्रह होते याचीच चर्चा अधिक झाली. पूर्वग्रह त्या काळी पुष्कळांच्या मनात होते. राज्यकर्त्याचा हिशेब करताना पाहायचे ते त्याने हाती आलेली यंत्रणा कशी वापरली हे, आणि विल्सन यांच्या बाबतीत तो हिशेब आस्थापना शाखेच्या कागदांत सापडतो.

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनियातील स्टॉन्टन गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचे होते. बालपण जॉर्जियातील ऑगस्टा येथे गेले. यादवी युद्धात वडिलांच्या चर्चमध्ये दक्षिणेच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा होत असे आणि ते दृश्य या मुलाने पाहिले. युद्धानंतर दक्षिणेत मुक्त झालेले गुलाम मतदान करू लागले, निवडूनही येऊ लागले. गोऱ्या जमीनदार वर्गाला तो काळ अपमानाचा वाटला. विल्सन यांची इतिहासदृष्टी या वर्गाच्या घरांतून घडली. १९०२ मध्ये त्यांचा अमेरिकी जनतेचा पाच खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात त्या पर्वाचे वर्णन कृष्णवर्णीयांच्या अननुभवी राजवटीची आपत्ती असेच आहे आणि कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी संघटनेबद्दलचा सूर समजुतीचा आहे.

वकिलीत त्यांचे मन रमले नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळविली आणि ती मिळविलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आहेत. अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजावरचा त्यांचा ग्रंथ १८८५ मध्ये गाजला. बाल्टिमोरहून वॉशिंग्टन हाकेच्या अंतरावर असताना सभागृहाचे कामकाज प्रत्यक्ष न पाहताच त्यांनी तो लिहिला. संसदेच्या वार्ताहर कक्षात रोज बसणाऱ्याला हे जरा खुपते, पण ग्रंथ आजही वाचावा असा आहे. १९०२ ते १९१० ते प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते. विद्यापीठाची त्यांनी शैक्षणिक पुनर्रचना केली, मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार बंदच राहिले.

न्यू जर्सीचे गव्हर्नरपद भूषवून १९१२ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या रिंगणात उतरले. रिपब्लिकन पक्ष टाफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात दुभंगला होता. सुमारे ४२ टक्के मतांवर विल्सन निवडून आले. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. कृष्णवर्णीय मतदार लिंकन यांच्या काळापासून रिपब्लिकनांचा, कारण डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष. तरीही विल्सन यांनी न्यायाने वागविण्याचे आश्वासन दिल्याने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि बोस्टनचे संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नेत्यांनी त्यांना पाठिंबा दिला.

मार्च १९१३ मध्ये सत्तांतर झाले. ११ एप्रिलच्या मंत्रिमंडळ बैठकीत टपालमंत्री आल्बर्ट बर्लसन यांनी रेल्वे टपाल सेवेत गोरे आणि काळे कर्मचारी एकत्र काम करतात, हा प्रश्न उपस्थित केला. विल्सन यांनी विरोध केला नाही. त्यानंतर टपाल खाते आणि विल्यम मॅकाडू यांचे अर्थखाते या दोन मोठ्या खात्यांत वेगळी बैठक, वेगळी जेवणाची खोली, वेगळी स्वच्छतागृहे अशी व्यवस्था सुरू झाली. जेथे कृष्णवर्णीय कारकुनाला वेगळ्या खोलीत हलविणे शक्य नव्हते तेथे त्याच्या टेबलाभोवती पडदा उभा राहिला. राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा जाहीर हुकूम निघालाच नाही. खातेप्रमुखांना मोकळीक मिळाली आणि खाली जे व्हायचे ते झाले. तोंडी सूचनेवर चालणाऱ्या कारभाराची कल्पना आपल्याकडील सचिवालयात वावरलेल्यांना वेगळी करून द्यायला नको.

यातील वेदना समजण्यासाठी वॉशिंग्टनची आधीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८८३ च्या कायद्याने संघराज्याच्या नोकऱ्या स्पर्धापरीक्षेने भरल्या जाऊ लागल्या होत्या. देशात इतरत्र दारे बंद असताना राजधानीतील सरकारी कचेरी ही शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणासाठी सन्मानाने जगण्याची एक वाट झाली होती. गोऱ्यांशेजारी बसून, प्रसंगी गोऱ्यांवर देखरेख करून तो काम करीत असे. सरकारी मुद्रणालयातील असाच एक कर्मचारी मजूर म्हणून लागला आणि मधल्या फळीचा अधिकारी झाला होता. त्याच्या हाताखाली गोरे लोक होते, वर्षाला १,४०० डॉलर वेतन होते, व्हर्जिनियात शेत होते. नवे सरकार आल्यावर काही महिन्यांतच त्याची पदावनती झाली, या खात्यातून त्या खात्यात पाठवणी झाली आणि शेवटी युद्धखात्यात ७२० डॉलरवर तो निरोप्या झाला. १९१४ मध्ये त्याच्या शेताचा लिलाव झाला. त्याचा मुलगा ॲलिसन डेव्हिस पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतील समाजव्यवस्थेचा त्याने सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९४१ मध्ये ग्रंथरूपाने आला. तेथील गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांना त्यात लावलेली संज्ञा जात ही आहे. भारतीय वाचकाने या ठिकाणी थोडे थांबावे.

मे १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. तोतया उमेदवार रोखण्यासाठी, असे कारण देण्यात आले. आपल्याकडे अर्जावर छायाचित्र चिकटविण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु तेथे नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर गुणवत्ता यादीतील तीन नावे जात आणि त्यांतून एक निवडण्याचा अधिकार त्याला असे. यादीवर केवळ नाव असते तेव्हा कातडीचा रंग कळत नाही. छायाचित्राने ती अडचण दूर केली. परीक्षा जशीच्या तशी राहिली, गुण जसेच्या तसे राहिले आणि निकाल मात्र फिरला. हा नियम १९४० पर्यंत टिकला.

विल्सन यांनी हे का होऊ दिले? त्यांचा कल त्या बाजूचा होता हे खरेच, पण संसदीय गणितही होते. आयातशुल्कात कपात, नवा आयकर, मध्यवर्ती बँकेची उभारणी ही त्यांची मोठी विधेयके ज्या समित्यांतून जायची होती त्यांची सूत्रे दक्षिणेतील डेमोक्रॅट सदस्यांच्या हाती होती. अर्थखात्यातील रजिस्ट्रारचे पद, ज्याची सही चलनी नोटांवर असे, परंपरेने कृष्णवर्णीयाला दिले जाई. १९१३ मध्ये विल्सन यांनी तसे नाव सुचविले, दक्षिणेतील सिनेटर खवळले, नाव मागे पडले. न्यायाधीश रॉबर्ट टेरेल यांच्या फेरनियुक्तीच्या वेळी मात्र ते ठाम राहिले आणि ती मंजूरही झाली. म्हणजे मनात आणले असते तर ते झुंज देऊ शकत होते. फेडरल रिझर्व्ह, मक्तेदारीविरोधी कायदा, रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस, लुई ब्रँडाइस या पहिल्या ज्यू न्यायमूर्तींची सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती, या साऱ्या कामगिरीचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. फक्त जमेची ही बाजू आणि वर्णभेदाची बाजू दोन वेगळ्या वह्यांत लिहिण्याची जी रीत आहे ती मान्य होण्यासारखी नाही. ज्या मतांवर सुधारणा मंजूर झाल्या त्या मतांची किंमत अंशतः त्या पडद्याआडच्या कारकुनांनी चुकविली होती.

ट्रॉटर दोनदा शिष्टमंडळ घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेले. पहिल्या भेटीत ऐकून घेतले गेले. नोव्हेंबर १९१४ च्या दुसऱ्या भेटीत विल्सन यांनी ही व्यवस्था घर्षण टाळण्यासाठी आणि कृष्णवर्णीयांच्याच हिताची असल्याचे समजावले. पन्नास वर्षे दोन्ही वर्णांचे लोक एकत्र काम करीत असताना घर्षण कोठे होते, असा ट्रॉटर यांचा प्रतिप्रश्न होता. राष्ट्राध्यक्षांना त्यांचा सूर उद्धट वाटला आणि पुन्हा यायचे तर दुसरा प्रवक्ता आणा, असे सांगून त्यांनी भेट आटोपली. पुढच्याच फेब्रुवारीत क्लॅनचा गौरव करणारा बर्थ ऑफ अ नेशन हा चित्रपट व्हाइट हाऊसमध्ये दाखविला गेला. त्याबद्दल विल्सन यांच्या तोंडी घातले जाणारे प्रशंसोद्गार विश्वसनीय नाहीत, परंतु चित्रपटातील पाट्यांवर त्यांच्या इतिहासग्रंथातील मजकूर होता, याबद्दल वाद नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हेच विल्सन पारतंत्र्यातील देशांचे आशास्थान झाले. जानेवारी १९१८ मधील त्यांच्या चौदा कलमांनी आणि त्यानंतरच्या स्वयंनिर्णयाच्या घोषणेने कैरोपासून सोलपर्यंत अपेक्षा जागविल्या. दिल्लीत डिसेंबर १९१८ मध्ये भरलेल्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची निवड केली. टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनमध्येच होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी विल्सन यांना पत्र पाठवून भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी केली. राष्ट्राध्यक्षांच्या चिटणीसाकडून प्रश्नाचा यथाकाल विचार होईल अशा आशयाचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. पॅरिसला जाण्याची परवानगी टिळकांना मिळाली नाही. तेथे भारताच्या नावाने बसले ते भारतमंत्री मॉन्टेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. पासपोर्ट ट्रॉटर यांनाही नाकारण्यात आला होता. ते जहाजावर आचारी म्हणून नोकरी पत्करून फ्रान्सला पोहोचले, पण विल्सन यांची भेट त्यांना मिळाली नाही.

परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समतेचे तत्त्व घालण्याचा आग्रह धरला. ११ एप्रिल १९१९ रोजी मतदान झाले आणि सतरापैकी अकरा मते ठरावाच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नसल्याने ठराव संमत झाला नाही, असा निर्णय दिला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज यांचा कडवा विरोध होता, ब्रिटन त्यांना दुखवू इच्छित नव्हते आणि विल्सन यांना ब्रिटन हवे होते. वॉशिंग्टनमध्ये सहा वर्षांपूर्वी जो हिशेब झाला होता तोच येथे मोठ्या मांडणीत झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण विल्सन यांच्या शब्दांवर विसंबलेल्या भारतीयांना त्या एकाच आठवड्यात सोसाव्या लागल्या.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे. ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताने विल्सन अंथरुणाला खिळले, सिनेटने तह फेटाळला आणि ज्या राष्ट्रसंघासाठी एवढी तडजोड केली त्यात अमेरिका गेलीच नाही. ३ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांचे वॉशिंग्टनमध्ये निधन झाले.

अमेरिकी इतिहासकारांनी १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावली तेव्हा विल्सन चौथे होते. सी-स्पॅन वाहिनीच्या २००० च्या पाहणीत ते सहावे आणि २०२१ मध्ये तेरावे आले. त्यांच्या बचावासाठी, माणूस आपल्या काळाचे अपत्य असतो, असे सांगितले जाते. परंतु तो काळ ट्रॉटर यांचाही होता. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय हक्क संघटनेचे गोरे नेते ऑस्वल्ड गॅरिसन व्हिलार्ड यांचाही तो होता आणि हे विल्सन यांचे समर्थक असूनही त्यांनी १९१३ मध्येच या विभाजनाचा जाहीर निषेध केला होता. मुख्य म्हणजे, कचेऱ्यांतील ती सरमिसळ विल्सन येण्यापूर्वीची होती. त्यांना जे चालत आले होते ते त्यांच्या राजवटीने मोडले. एखाद्या राज्यकर्त्याने वाईट रूढी मोडली नाही, हा एक दोष झाला. रुजू पाहणारी चांगली रीत उपटणे हा त्याहून मोठा दोष आहे आणि विल्सन यांच्या नावावर तो निश्चितपणे मांडावा लागतो.

वॉशिंग्टनमधील त्यांच्या नावाच्या शाळेचे २०२२ मध्ये नामांतर झाले. त्या शाळेतील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका एडना जॅक्सन आणि पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक व्हिन्सेंट रीड यांची नावे आता तिला आहेत. पोटोमॅक नदीवरच्या मोठ्या पुलाला विल्सन यांचे नाव अजून तसेच आहे.