टोकियो पुन्हा आखणारा डॉक्टर

१ सप्टेंबर १९२३. दुपारच्या जेवणाची वेळ असल्याने टोकियोतील घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. भूकंपापाठोपाठ आग भडकली आणि टोकियो, योकोहामा परिसरात लाखाहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्रिपद गोतो शिम्पेई यांच्याकडे आले.

१८५७ मध्ये जन्मलेले गोतो मूळचे डॉक्टर. तैवानचे प्रशासन आणि टोकियोचे महापौरपद त्यांनी सांभाळले होते. राजधानी हलवायची नाही, पुनर्रचनेसाठी ३०० कोटी येन उभारायचे आणि जमीनमालकांपुढे नमायचे नाही, असे त्यांनी तत्काळ ठरविले. ही रक्कम राष्ट्रीय अर्थसंकल्पाच्या सुमारे दुप्पट होती! मोठमोठ्या बाता मारणारा, अशी थट्टा त्यांच्या वाट्याला आधीपासूनच आलेली. जमीनदार व विरोधकांनी योजनेला कात्री लावली. मंजूर झाले पन्नास कोटींहूनही कमी.

तरीही भूखंडांची फेरआखणी झाली. मालकांच्या जमिनीचा दहावा हिस्सा विनामोबदला घेण्याची तरतूद तीत होती. रुंद रस्ते निघाले, पूल उभे राहिले, शाळांना लागून ५२ छोटी उद्याने झाली. जानेवारी १९२४ मध्ये मंत्रिमंडळ गेले आणि गोतो पायउतार झाले. पुनर्बांधणीच्या पूर्ततेचा सोहळा १९३० मध्ये झाला. गोतो आदल्याच वर्षी निवर्तले होते.