रेव्ह. जेम्स इव्हान्स : सालीवरची बाराखडी

भामरागड, एटापल्ली या बाजूस ज्या उपदेशकांस फिरावे लागते त्यांस एक अडचण नित्याची आहे. ते मराठीत बोलतात आणि पुढे बसलेली माणसे घरी माडिया बोलतात. तरुण समजून घेतात. म्हातारी माणसे आदराने शेवटपर्यंत बसतात, पण हाती फारसे काही न लागता उठून जातात. गोंडी व माडिया यांत गीतांची व कथांची उणीव नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांच्या तोंडून गोंडी गीते मिळविली व ती त्यांच्या मरणानंतर १८६६ साली छापून निघाली. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपीही रचली. तथापि मनुष्यास आपल्या आईच्या भाषेत वाचावयास मिळणे ही गोष्ट आमच्या अरण्यात अद्यापि दुर्मिळच आहे.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाच्या मुलखात, हीच अडचण एका मनुष्याने कशी सोडविली हे आज सांगावयाचे आहे. त्याच्या अक्षरांचा आमच्या बाराखडीशी संबंध आहे, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

जेम्स इव्हान्स यांचा जन्म १८०१ साली इंग्लंडातील हल या बंदरात झाला. बाप जहाजावरचा कप्तान होता. वयाच्या विशीत ते कॅनडास गेले, शाळामास्तर झाले, व १८२८ साली राइस लेक येथील ओजिब्वे लोकांच्या मिशनशाळेत शिकवू लागले. इंग्रजी अक्षरांत ओजिब्वे लिहिण्याची त्यांनी एक पद्धत बसविली. तिचे पुस्तक १८३७ साली छापले. परंतु त्या भाषेतील शब्द फार लांब असतात. एकेक शब्द ओळभर पसरे आणि मुले मध्येच अडखळत. अमेरिकेतील चेरोकी जातीच्या सेक्वोया नामक गृहस्थाने, स्वतःस कोणतीही लिपी वाचता येत नसता, १८२१ साली आपल्या भाषेसाठी अक्षरे बनविली होती व त्याची जात थोड्याच वर्षांत वाचू लागली होती. ही वार्ता इव्हान्स साहेबांच्या मनात घर करून राहिली.

१८४० साली त्यांची नेमणूक विनिपेग सरोवराच्या उत्तरेस नॉर्वे हाऊस येथे झाली. तो मुलूख हडसन्स बे कंपनीच्या ताब्यात होता. क्री लोक बीव्हर आदि जनावरे मारून कातडी कंपनीच्या वखारीत देत आणि बंदुका, दारूगोळा, घोंगड्या व चहा नेत. हिवाळ्यात तेथे पारा शून्याच्या खाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो, सरोवरे गोठून त्यांचेच रस्ते होतात व गाड्या कुत्री ओढतात. इंग्लंडचे जहाज उपसागराच्या किनाऱ्यास वर्षातून एकदाच लागे. सर्वांत मोठी गोष्ट ही की, थंडी पडली म्हणजे सारे लोक कुटुंबाकुटुंबाने शिकारीस पांगत. तेंदूच्या हंगामात आमची गावे काही आठवडे ओस पडतात. तेथे ती कित्येक महिने ओस पडत. अशा लोकांस शाळेत तीन वर्षे बसवून वाचन शिकविणे व्यर्थ होते. जे काही द्यावयाचे ते थोड्या दिवसांत शिकता यावे, आणि एकाने तंबूत बसून दुसऱ्यास शिकविता यावे, असे हवे होते.

अक्षरांचे अवघे नऊ आकार, व प्रत्येकाच्या चार दिशा, असा उपाय निघाला. उदाहरणार्थ, चिमट्यासारखा दोन रेघांचा एक कोन घ्या. टोक डावीकडे असले तर ‘प’, वर असले तर ‘पि’, खाली असले तर ‘पे’, उजवीकडे असले तर ‘पो’. आम्ही अक्षरास वेलांटी व मात्रा लावतो, ते लोक अक्षरच फिरवितात; तत्त्व बाराखडीचेच. इव्हान्स साहेबांस देवनागरीची ओळख होती, आणि तिच्यावरून व १८३७ साली निघालेल्या पिटमन यांच्या लघुलेखनावरून त्यांनी हे आकार घेतले असावेत, असे भाषापंडित मानतात. चांद्याच्या शाळेतील पाटीवरची अक्षरे हडसनच्या उपसागरापर्यंत अशी पोहोचली म्हणावयाची! या कामी क्री व ओजिब्वे भाषा जाणणारे तेथीलच सहायक त्यांच्याबरोबर होते. त्यांची नावे पुस्तकांत कमी येतात.

अक्षरे झाली, पण छापावी कशी? कंपनी छापखाना आणू देईना. साहेबांनी स्वतः साचे कोरले; चहाच्या पेट्यांना आतून शिशाचा पत्रा असे, तो वितळवून खिळे ओतले. चुलीचा काजळ व माशाचे तेल मिळून शाई झाली. कातड्यांचे गठ्ठे दाबण्याचा दाब होता तोच छापण्याचा दाब झाला. कागदाच्या जागी बर्च झाडाची साल आली. हे झाड म्हणजे ज्याच्या सालीवर आमच्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या हिमालयातील भूर्जाचेच भावंड. सोळा पृष्ठांचे गीतांचे पुस्तक, प्रती सुमारे शंभर, असा पहिला ग्रंथ निघाला. हिवाळ्यात शिकारी ही पाने घेऊन रानात गेले आणि एकमेकांस शिकवू लागले. पुढे मिशनरी कोठे नव्याने जात तो तेथील लोक आधीच वाचताना आढळत.

साहेबांनी टिनाच्या पत्र्याचा एक डोंगाही करविला होता. खडकावर आपटून तो फुटला की डाग देऊन पुन्हा पाण्यात घालीत, आणि उन्हात तो दुरून चमके.

पुढील काळ दुःखाचा आहे. रविवारी नावाड्यांस विश्रांती असावी असा त्यांचा आग्रह असे, त्यामुळे कंपनीचे गव्हर्नर सिंप्सन यांची मर्जी गेली. १८४४ साली प्रवासात साहेबांच्या हातची बंदूक चुकून सुटली व त्यांचे दुभाषी थॉमस हॅसल जागच्या जागी मरण पावले. हा घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही. मग १८४६ साली मंडळीतील काही मुलींनी त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. चौकशीत तो सिद्ध झाला नाही. तथापि त्यांस इंग्लंडास परत बोलाविण्यात आले. कित्येक चरित्रकार हा भाग गाळतात. आम्हांस तसे करणे योग्य वाटत नाही. आरोप करणाऱ्या मुलीही त्याच मंडळीच्या लेकी होत्या. त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी, लिंकनशायरमधील कील्बी गावी, एका मिशन सभेत भाषण करून परतल्यावर ते एकाएकी वारले. वय पंचेचाळीस.

कंपनीने अडविलेला छापखाना अखेरच्या दिवसांत नॉर्वे हाऊसला येऊन पोहोचला होता. क्री भाषेतील नवा करार १८५९ साली व जुना करार १८६१ साली लंडनात छापून निघाला. त्यावर नाव आले ते विल्यम मेसन या मिशनऱ्याचे. भाषांतराचे पुष्कळसे श्रम ओजिब्वे जातीचे हेन्री स्टाइनहाउर, जॉन सिंक्लेअर व मेसनबाई सोफिया यांचे होते; सोफियाबाईंची आई क्री होती. भाषांतराच्या कामी आमच्या इकडील पंडितांचे व बायबलबायांचे काय होते, हे जाणणारांस यात नवल वाटणार नाही.

अक्षरे मात्र थांबली नाहीत. हॉर्डन व वॉटकिन्स या मिशनऱ्यांनी ती आणखी उत्तरेस राहणाऱ्या इनुइट लोकांच्या भाषेस जुळविली, आणि १८७६ साली त्या मुलखात उतरलेल्या एडमंड पेक यांनी त्यांत पुस्तके केली. इनुइट भाषेत स्वर तीनच, अ, इ व उ. म्हणून आता तेथे दिशाही तीनच चालतात. पुढे कॅनडात सरकारी वसतिशाळांत मुलांस आईची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. त्या शाळांबद्दल सरकारने २००८ साली क्षमा मागितली. त्या काळातही घरोघरी पाठ्यपुस्तकाखेरीज ही अक्षरे आयांनी मुलांस दिली. १ एप्रिल १९९९ रोजी इनुइट लोकांचा नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. त्याचे क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, आणि माणसे २०२१ च्या गणनेत सुमारे सदतीस हजार. आमच्या एकट्या गडचिरोली जिल्ह्यात २०११ साली दहा लाख बहात्तर हजार माणसे मोजली गेली होती. त्या सदतीस हजारांच्या प्रदेशात कचेरीच्या पाट्यांवर व शाळेच्या पुस्तकांत ही फिरणारी अक्षरे आहेत.

क्री वृद्ध याची कथा निराळी सांगतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मिस्तानासकोवेव नावाचा त्यांचा एक पूर्वज मरून परलोकी गेला आणि सालीवर लिहिलेली ही अक्षरे घेऊन परत आला. साहेबांनी ती त्याच्या लोकांपासून घेतली. पंडित ही कथा मान्य करोत वा न करोत, जे लोक अक्षरांस इतके आपले मानतात त्यांच्याच हाती ती टिकली आहेत. इव्हान्स साहेबांचे अवशेष १९५५ साली इंग्लंडाहून आणून नॉर्वे हाऊसच्या भूमीत ठेवण्यात आले.