स्वामी रामानंद तीर्थ आणि संसारसुखाचा त्याग

थोर पुढाऱ्यास संसारांतील साध्या सुखांस मुकावेंच लागतें काय, हा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत केव्हां ना केव्हां आला असेल. घर, पत्नी, मुलेंबाळें, सणावाराचें गोडधोड, सायंकाळीं दारांत बसून शेजाऱ्याशीं केलेल्या चार गोष्टी, हीं सुखें साधीं खरीं. परंतु तीं परमेश्वरानेंच मनुष्यास दिलेलीं आहेत. काना गांवच्या लग्नास प्रभु येशू स्वतः गेले होते, हें आम्ही विसरूं शकत नाहीं. मग जो मोठा होतो त्यानें हीं सुखें टाकलींच पाहिजेत, असा कांहीं नियम आहे काय?

या महोत्सवाच्या प्रसंगीं, आमच्या परभणी जिल्ह्याचें व साऱ्या मराठवाड्याचें भाग्य पालटविणारे स्वामी रामानंद तीर्थ यांचें चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधानें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे. स्वामीजी आमच्या धर्माचे नव्हते. तथापि ब्रह्मचर्यव्रत पाळणारे धर्मगुरु व धर्मभगिनी ज्यांच्या नित्य परिचयाचे आहेत, त्या आमच्या धर्मग्रामस्थांस अशा जीवनाचा अर्थ समजण्यास कठीण जाणार नाहीं.

स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं, सध्यां कर्नाटकांत असलेल्या सिंदगी या गांवीं झाला. सोलापुरास ते विद्यार्थी असतांना १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले. त्या वार्तेनें सारा देश हळहळला. व्यंकटेशास तेव्हां सतरावें वर्ष चालू होतें. ज्या वयांत मुलें पुढील संसाराचीं स्वप्नें पाहूं लागतात, त्या वयांत त्यानें आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करण्याचा निश्चय केला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हा निश्चय केला तेव्हां ते कोणाचेही पुढारी नव्हते. पुढारीपण त्यांजकडे अठरा वर्षांनीं चालत आलें. म्हणजे संसारसुख देऊन त्यांनीं मोठेपणा विकत घेतला, असें म्हणतां येत नाहीं. आधीं मनुष्य मोकळा झाला, आणि मग कामानें त्यास शोधून काढलें.

सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालून त्यांनीं अंमळनेर व पुणें येथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत आपला अभ्यास पुरा केला. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळही त्यांनीं कांहीं काळ काम केलें. पुढें निजामाच्या राज्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत ते शिक्षक झाले, आणि तेथें असतांनाच संन्यासदीक्षा घेऊन ते रामानंद तीर्थ झाले. तेथून ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले. अंबाजोगाईहून परळी ओलांडली कीं आमच्या जिल्ह्याचें गंगाखेड येतें. यावरून हा पुरुष आम्हांस किती जवळचा होता हें दिसून येईल. भगवीं वस्त्रें नेसलेला हा संन्यासी अरण्यांत गेला नाहीं. तो फळ्यापाशीं उभा राहिला. ज्यास स्वतःचें मूल नव्हतें, त्याच्याभोंवतीं शेंकडों मुलें होतीं.

त्या काळीं परभणी, बीड, नांदेड, औरंगाबाद व उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे निजामाच्या अमलाखालीं होते. मुलांस मातृभाषेंतून वरचें शिक्षण मिळत नसे, आणि साधी सभा भरवावयाची तरी सरकारी परवानगी लागे. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें. परतूर आज जालना जिल्ह्यांत असलें तरी तेव्हां तें परभणी जिल्ह्यांत होतें, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास अभिमानास्पद आहे. पुढील वर्षीं स्वामीजींनीं शाळेचा निरोप घेतला व ते राजकीय कार्यांत पूर्णपणें शिरले. आमच्या मतें हा त्यांचा दुसरा त्याग होय, आणि तो पहिल्याहून सोपा नसावा. कारण जें सुख कधीं चाखलें नाहीं तें सोडणें वेगळें, आणि जिव्हाळ्याचे विद्यार्थी सोडून जाणें वेगळें.

१९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती नीट स्थापन होण्यापूर्वींच, बंदी आली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगांत गेले. त्याच वेळीं कांहीं धार्मिक संस्थांचाही वेगळा सत्याग्रह चालू होता. दोन्ही चळवळी एकच समजल्या जाऊं नयेत, म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानें स्टेट काँग्रेसनें डिसेंबरांत आपला सत्याग्रह थांबविला. रंगांत आलेला लढा आवरणें हें लढ्यांत उडी घेण्याहून अवघड असतें. परंतु हा झगडा सर्व प्रजेच्या हक्कांचा आहे, एका धर्माचा दुसऱ्या धर्माशीं नव्हे, ही मर्यादा त्यायोगें राखली गेली. आमच्यासारख्या संख्येनें लहान असलेल्या समाजास या मर्यादेचें मोल विशेष कळतें.

१९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहांत त्यांस पुन्हा कारावास घडला. १९४६ सालीं बंदी उठली. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं साऱ्या देशांत दिवे लागले, त्या दिवशीं हैदराबाद संस्थानांत स्वामीजींस अटक झाली. मध्यंतरीं कांहीं आठवडे त्यांची सुटका झाली. परंतु जानेवारी १९४८ मध्यें त्यांस पुन्हा पकडण्यांत आलें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, आणि १७ सप्टेंबरास निजामाची सत्ता शरण आली. तेव्हां कोठें त्यांच्या कोठडीचें दार उघडलें.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. या लढ्यांत केवळ संन्यासी नव्हते; शेंकडों संसारी माणसें होतीं. वकील होते, शेतकरी होते, शिक्षक होते. पति तुरुंगांत गेला किंवा सरहद्दीवरील छावणींत राहिला, म्हणजे घरीं चूल पेटविण्याचें, लेंकरांचें दुखणें काढण्याचें व पोलिसांस तोंड देण्याचें काम त्याच्या पत्नीवर पडे. तिचें नांव कोणत्याही ठरावांत येत नसे. म्हणून संसारी मनुष्य पुढारी होऊं शकत नाहीं असें नाहीं. परंतु तो होतो तेव्हां त्याच्या त्यागाचा मोठा वांटा घरचीं माणसें देतात, आणि पुष्कळदां त्यांस कोणी विचारलेलेंही नसतें. स्वामीजींच्या त्यागाचें वैशिष्ट्य आम्हांस येथें दिसतें. त्यांनीं जें दिलें तें आपल्याच ताटांतलें दिलें. त्यांच्या तुरुंगवासामुळें कोणा पत्नीस एकटें राहावें लागलें नाहीं, कीं कोणा लेंकराचें पितृसुख हिरावलें गेलें नाहीं.

दुसरें वैशिष्ट्य असें कीं, दिलेल्याची भरपाई त्यांनीं मागितली नाहीं. स्वातंत्र्यानंतर संस्थानांत मंत्रिमंडळें आलीं. स्वामीजी मंत्रिपदावर कधीं बसले नाहींत. १९५२ सालीं गुलबर्ग्याहून व १९५७ सालीं औरंगाबादेहून ते लोकसभेवर निवडून गेले, आणि पुढें निवडणुकींच्या राजकारणापासून दूर झाले. त्याहूनही विशेष म्हणजे, ज्या हैदराबाद राज्याचे ते अग्रणी होते, त्याचेंच भाषावार विभाजन व्हावें असा आग्रह त्यांनीं धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तें राज्य संपुष्टांत आलें. मराठवाडा आपल्या मराठी बांधवांस येऊन मिळाला, आणि स्वामीजींचें स्वतःचें राजकीय क्षेत्र मात्र तीन राज्यांत विभागलें गेलें. २२ जानेवारी १९७२ रोजीं हैदराबाद येथें त्यांचें देहावसान झालें.

तेव्हां आमचें उत्तर असें आहे. थोर होण्यासाठीं साधीं सुखें टाकलींच पाहिजेत असें नाहीं, आणि तीं टाकल्यानें कोणी आपोआप थोर होतही नाहीं. तीं सुखें चांगलीं आहेत, म्हणूनच त्यांच्या त्यागास किंमत आहे. परंतु ज्यास त्याग करावयाचा असेल त्यानें तो स्वतःच्या सुखाचा करावा, स्वखुषीनें करावा, आणि पुढें त्याचा हिशेब मांडूं नये. जो संसारी राहून लोकांचें काम पत्करतो, त्यानें प्रथम आपल्या घरच्या माणसांस विचारावें, व त्यांच्या वांट्याचें श्रेय त्यांस मनापासून द्यावें.

नांदेडच्या विद्यापीठास १९९४ पासून स्वामीजींचें नांव आहे, व परभणीच्या महाविद्यालयांत शिकलेल्या आमच्या कित्येक मुलामुलींच्या पदवीपत्रांवर तें छापलेलें आहे. १७ सप्टेंबरास झेंडावंदन होतें, त्या वेळीं या संन्याशाचें स्मरण अवश्य करावें. आणि त्यासोबत, ज्या अनाम मातांनीं त्या दिवसांत एकटीनें घर सांभाळलें, त्यांच्यासाठींही एक प्रार्थना करावी, अशी आमची सर्व धर्मग्रामस्थांस नम्र विनंती आहे.