महादजींचा भाई

ग्वाल्हेरला गेलेल्या वाचकांना तेथील लष्कर हा भाग ठाऊक असेल. १८१० साली दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ किल्ल्याजवळ पडला, तो पुढे हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आणि पेठा उभ्या राहिल्या, नाव मात्र लष्कर हेच राहिले. या घराण्याला थोरवी आणली ती दौलतरावांच्या आधीच्या महादजींनी. त्यांच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांच्या आयुष्यातील एकाच हिवाळ्याविषयी सांगणार आहोत.

महादजी हे सातारा भागातील कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे चिरंजीव. त्यांचे बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरास मारले गेले. दुसरे बंधू दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीला, यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर महादजी पानिपतच्या छावणीत होते.

अहमदशहा अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडविली होती. दक्षिणेतील माणसांना उत्तरेची ती कडाक्याची थंडी सोसवेना. छावणीत केवळ शिपाई नव्हते. तीर्थयात्रेसाठी आलेली बायकामाणसेही होती. नाना फडणीसांची आई व पत्नी त्यांतच होत्या. रसदेचा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. धान्य संपत आले, वैरणीवाचून जनावरे मरू लागली. पत्रे नेणाऱ्या जासुदांची वाटही बंद झाली. पेशवे नानासाहेब स्वतः उत्तरेकडे निघाले होते, तरी त्यांना छावणीची खरी हकीकत कळेना. मग घरोघरी वाट पाहत बसलेल्या आयाबहिणींची काय स्थिती झाली असेल!

१४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. त्यानंतर पेशव्यांच्या हाती पडले ते एका सावकाराचे सांकेतिक पत्र. त्यात मेलेल्या माणसांचा हिशेब नाण्यांच्या भाषेत मांडला होता. मोठी माणसे मोती आणि मोहरा झाली होती. बाकीची सामान्य माणसे सुट्या पैशांसारखी, त्यांची मोजदादच नव्हती.

परंतु त्या न मोजलेल्या माणसांतच राणेखान होता. तो भिस्ती, म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. रणातून निघालेल्या महादजींचा एका अफगाण स्वाराने पाठलाग केला, त्यांच्या पायावर घाव घातला आणि अंगावरचे दागिने काढून घेऊन त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला, असे सांगतात. राणेखानाने त्यांना पाहिले. आपल्या पाण्याच्या बैलावर घालून त्याने त्यांना दक्षिणेच्या वाटेला लावले. पत्र जाऊ शकत नव्हते त्या वाटेने एक जखमी माणूस घरी परतला.

महादजींचा तो पाय जन्मभर अधू राहिला. पण ते उपकारही विसरले नाहीत. राणेखानाला त्यांनी भाई म्हटले आणि सरदारी दिली. १७८८ साली गुलाम कादिराने बादशहा शहा आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या शिंद्यांच्या फौजेच्या अग्रभागी हाच राणेखान होता. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. तेथे त्यांची छत्री आहे.

महादजींचे आयुष्य लढायांत गेले. त्यांच्या प्रत्येक कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. तरी रविवारच्या शाळेत चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकविताना शिक्षकांनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. त्या दाखल्यातील जखमी मनुष्य बरा झाल्यावर पुढे कसा वागला, हे आपल्याला सांगितलेले नाही. महादजी कसे वागले ते मात्र ठाऊक आहे.

आपल्या मंडळीतही पाणी भरणारा, सतरंज्या अंथरणारा, झाडलोट करणारा कोणी असतोच. त्याला आपण कोणत्या नावाने हाक मारतो?