बाबासाहेबांनी बदललेल्या सवयी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरांत माहीत आहे. विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत ते सगळे पुन्हा सांगत नाही. त्यांच्या स्वतःच्या रोजच्या सवयी आणि त्यांनी आपल्या माणसांना सोडायला लावलेल्या सवयी, एवढ्यापुरतेच आम्ही लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते. घरात दारूला थारा नव्हता, भजन-प्रार्थना चुकत नसे. साताऱ्याच्या शाळेत भीमाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत सारं कुटुंब राहिलं. रात्री दोनपर्यंत सुभेदार जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः झोपत. शाळा त्या पोराला हलका ठरवत होती, पण घरची शिस्त तसं मानू देत नव्हती.

१९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथे सुरुवातीचे दिवस मित्रांबरोबर मौजमजेत गेले, हे आपण सहसा सांगत नाही. सांगायला हवं. नंतर त्यांनी स्वतःलाच जाब विचारला आणि अभ्यासाला जुंपून घेतलं. लंडनला तर ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत, अर्धपोटी, ते वाचत बसत.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. पण त्याच परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, उष्टं-शिळं मागू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. हे सोपं नव्हतं. भाकर मागणं बंद म्हणजे त्या दिवशी चूल कशी पेटणार, हा प्रश्न होता. कित्येक गावांनी यावरून आपल्या माणसांवर बहिष्कार घातला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यानंतर, महाडलाच ते बायांशी बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, अंगावर कथलाचे जड दागिने, ही आपली आवड नव्हती, तो जातीचा शिक्का होता. लुगडं पायघोळ नेसा, ते दागिने टाका, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी समजावलं. घरी परतण्याआधीच अनेकींनी नेसण्याची रीत बदलली. कायदा बदलायला वर्षं लागतात. महार वतनाचं बिल त्यांनी १९२८ साली मांडलं, ते वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. लुगडं मात्र एका रात्रीत बदललं.

मुरबाडकरांना बदलापूर म्हणजे शेजारच. तिथे १९२७ सालीच शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब आले होते. चळवळ आपल्या उंबऱ्यापर्यंत आली होती ती अशी. शहापूरची माणसं वासिंद, आसनगाव, खर्डीहून गाडीनं मुंबईला कामाला जात, आणि येताना नवीन रीत गावात आणत. जोहार घालणारा हात जय भीमला उठू लागला. वाकलेली मान ताठ व्हायला एवढी एक सवयही पुष्कळ कामाला आली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत एखाद्याच्या तोंडाला वास येतोच. आम्ही हे स्मरणिकेत लिहितो म्हणून कोणी रागावलं तरी चालेल. कचेरीत खुर्ची रिकामी असूनही दाराशी उभं राहणारे आपल्यात अजून आहेत. तीही जुनीच सवय.

बाबासाहेबांची लिहिण्या-वाचण्याची सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. शरीर थकलं होतं, डोळे अधू झाले होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवून घेतले. सकाळी ते उठले नाहीत.