क्षमाशील राजा मोशोशो

विजेत्यांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थी मित्रांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही क्षमेच्या बळावर राष्ट्र उभारणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

दक्षिण आफ्रिकेंतील बासोथो लोकांचा राजा मोशोशो सुमारें १७८६ सालीं एका लहानशा ग्रामप्रमुखाच्या घरीं जन्मला. युद्धें व दुष्काळ यांनीं मुलूख उजाड झाला, तेव्हां १८२४ सालीं तो आपल्या लोकांसह थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर राहावयास गेला. वाटेंत नरभक्षकांनीं त्याच्या वृद्ध आजोबांस मारून खाल्लें. पुढें ते अपराधी हातीं लागले. परंतु त्यानें त्यांस आजोबांची जिवंत समाधि मानून अभय दिलें. आश्रितांस तो गुरें सांभाळावयास देई. मालकी राजाची, दूध त्यांचें. महत्त्वाच्या गोष्टी ‘पित्सो’ नामक लोकसभेपुढें ठेवी. १८३३ सालीं त्याच्या निमंत्रणावरून फ्रेंच मिशनरी आले व त्यांनीं सोथो भाषेंत पुस्तकें छापिलीं.

१८५२ सालीं बेरिया येथें इंग्रज सैन्यास मागें रेटल्यावरही त्यानेंच विनयानें तहाचें पत्र धाडिलें. बोअरांनीं सुपीक जमीन बळकाविली, तेव्हां प्रजा राखण्यासाठीं त्यानें १८६८ सालीं इंग्रजांचें संरक्षण पत्करिलें. ११ मार्च १८७० रोजीं तो निवर्तला. त्याचा देश १९६६ सालीं लेसोथो या नांवानें स्वतंत्र झाला.

सूड घेण्याचें सामर्थ्य असूनही त्यानें हात आवरिला, म्हणूनच शत्रूही त्याची प्रजा झाले. आपल्या लहानसहान भांडणांत आम्हांस याची आठवण राहील काय?