न्यायमूर्ती रानडे : राज्ये का कोसळतात याचा शोध घेणारे निफाडचे सुपुत्र

जानेवारी महिन्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यतिथी आणि जयंती अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने येतात. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्या नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. न्यायाधीश, समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ आणि भारतीय अर्थशास्त्राचे आद्य अभ्यासक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. आज आम्ही त्यांच्या जीवनाकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहू इच्छितो. बलाढ्य राज्ये नव्या शस्त्रांपुढे आणि अंतर्गत उठावांपुढे का कोसळतात? आणि ती कोसळल्यावर मागे उरलेल्या प्रजेने काय करावे? हा प्रश्न रानडे यांनी आयुष्यभर उराशी बाळगला.

पडलेल्या राज्याच्या भूमीत जन्म

निफाडचा परिसर हा पेशवाईच्या वैभवाचा साक्षीदार होता. जवळच असलेल्या विंचूर येथे सरदार विंचूरकरांची जहागीर होती. त्या घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव हे १७६१ च्या पानिपत संग्रामात लढले होते. पुढे १८१८ साली इंग्रजांच्या तोफा याच जिल्ह्यात धडधडल्या. त्र्यंबकगड पडला, चांदवड पडले. मालेगावच्या भुईकोट किल्ल्यात अरब शिबंदीने निकराने झुंज दिली. परंतु तोफगोळ्यांनी किल्ल्यातील दारूची कोठारे उडाली आणि जून महिन्यात किल्ला शरण आला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कम यांच्यापुढे शस्त्रे ठेवली होती.

या घटनांनंतर अवघ्या चोवीस वर्षांनी महादेवचा जन्म झाला. वडील गोविंदराव निफाडच्या मामलेदार कचेरीत प्रमुख कारकून होते. ज्यांनी पेशवाई प्रत्यक्ष पाहिली होती अशी वडीलधारी माणसे तेव्हा गावोगाव हयात होती. पुढे गोविंदरावांनी कोल्हापूर संस्थानात नोकरी धरली आणि महादेवचे बालपण तेथे गेले. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याची आई गोपिकाबाई वारली.

मराठी सत्ता शौर्याच्या अभावी पडली, असे कोणीही म्हणू शकणार नाही. नवी शस्त्रे तिच्याजवळ नव्हती, असेही नाही. महादजी शिंदे यांनी द बॉइन या युरोपीय सेनानीला आपल्या सेवेत घेऊन कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याला तोफांचा कारखाना घातला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या सैन्याची भयंकर हानी केली. त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. तरीही विजय इंग्रजांचा झाला. युद्धाला तोंड लागताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील आपल्या वंशाच्या अधिकाऱ्यांना फोडले. तोफा आणि शिपाई जागेवर राहिले. मात्र त्यांना चालविणारे अधिकारी निघून गेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण रानडे यांच्या विचाराचा धागा येथूनच सुरू होतो.

विद्यार्थीदशा आणि १८५७ चा वणवा

१८५६ साली चौदा वर्षांचे रानडे शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठावाचा भडका उडाला. त्याचे पडसाद त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक ठिकाणी उमटले. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. १५ ऑक्टोबर रोजी मुंबईच्या मैदानावर दोन सैनिकांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. निफाडच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यात, नांदूर शिंगोटे येथे, भागोजी नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रजांशी लढा दिला. आणि निफाडपासून दूर नसलेल्या येवल्याचे तात्या टोपे नानासाहेबांचे सेनानी म्हणून इंग्रजांना मध्य हिंदुस्थानात महिनोन्‌महिने हुलकावणी देत राहिले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी झाली.

या युद्धाचे स्वरूप जुन्या लढायांपेक्षा निराळे होते. एका छावणीतील वार्ता तारायंत्राने काही तासांत शेकडो कोसांवर पोहोचत होती. एन्फिल्ड बंदुकीचा पल्ला जुन्या बंदुकीच्या कितीतरी पुढे होता. चीनकडे निघालेले सैन्य वाटेतूनच हिंदुस्थानकडे वळविता आले. या रणधुमाळीत दोन सत्ता संपल्या. मोगल बादशाही नावापुरतीही उरली नाही आणि १८५८ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचे राज्यही गेले. शेवटचे बादशाह बहादुरशाह जफर १८६२ साली रंगूनच्या बंदिवासात मरण पावले. त्याच वर्षी रानडे नव्या मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. बी.ए. उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या चौघांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याबरोबर त्यांचा समावेश होता.

याच काळातील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. एका निबंधात रानडे यांनी इंग्रजी राज्याची मराठी राज्याशी तुलना करून मराठी राज्याला उजवे ठरविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली. रानडे यांनी त्यावर वाद घातला नाही. पण पडलेल्या राज्याचा प्रश्न त्यांनी सोडलाही नाही.

दोन्ही बाजूंचा संशय

१८७१ साली रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून आले आणि आदल्या वर्षी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेच्या कार्यात गुंतले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. देशाची संपत्ती बाहेर कशी जाते व येथील उद्योग कसे बुडाले, यावर रानडे व्याख्याने देत. श्रोत्यांत लष्करी हिशेब खात्यातील एक कारकून असे. त्यांचे नाव वासुदेव बळवंत फडके. त्याच विचारांतून फडके यांनी निराळा निष्कर्ष काढला. १८७९ साली रामोशांना संघटित करून त्यांनी सशस्त्र बंड उभारले. ते मोडले गेले आणि फडके यांना जन्मठेपेसाठी एडनला पाठविण्यात आले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

सरकारला या बंडामागे रानडे यांचा हात असल्याचा संशय आला. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झालीच होती. १८७९ मध्ये त्यांना तडकाफडकी धुळ्याला धाडण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रानडे यांनी तक्रार केली नाही व काम थांबविले नाही. पुढे संशय फिटला आणि १८८१ मध्ये त्यांना मुंबईत दंडाधिकारी नेमण्यात आले. इकडे तरुण पिढीतील अनेकांना मात्र त्यांचा मार्ग भिडस्त आणि अतिसावध वाटत असे. राज्यकर्त्यांना ते बंडखोर वाटले, तर बंडाची आस असलेल्यांना ते राज्यकर्त्यांचे चाकर वाटले. या दोहोंच्या मधल्या एकाकी वाटेने त्यांनी उर्वरित आयुष्य काढले.

दप्तरांतून सापडलेले उत्तर

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. न्यायदानाचा भार आणि दुबळी दृष्टी सांभाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास चालू ठेवला. १९०० साली मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी राज्य हे एका धाडसी पुरुषाची लूट नव्हती; संतांनी जागविलेल्या आणि शिवाजी महाराजांनी एकत्र आणलेल्या सर्व थरांतील लोकांचे ते कार्य होते, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. ऱ्हासाची कथा सांगणारा पुढील भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता. तो मृत्यूमुळे अपुरा राहिला.

तरीही त्यांचे उत्तर आपल्याला उपलब्ध आहे. पेशव्यांच्या रोजनिशींना लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ऱ्हासाची कारणे स्पष्ट मांडली. शिवाजी महाराजांच्या काळी सैन्य या मातीतील मावळ्यांचे होते. पुढे अरब, सिद्दी, गारदी अशा भाडोत्री शिपायांवर भिस्त वाढली आणि त्यांना येथील शिपायांपेक्षा अधिक पगार मिळू लागला. कवायती पलटणी उभ्या केल्या. मात्र युद्धशास्त्राचे ज्ञान आणि शस्त्रे घडविण्याची विद्या आपल्या माणसांनी आत्मसात करावी, अशी दक्षता घेतली गेली नाही. त्यामुळे परदेशी शिक्षक निघून जाताच सैन्य पोरके झाले. त्याच वेळी अष्टप्रधानांची सामुदायिक व्यवस्था लोपली, पदे वंशपरंपरागत झाली आणि जातिभेदाने लोकांचे मन राज्यापासून तुटत गेले.

अर्थात रानडे यांच्या मते राज्य केवळ तोफेने पडत नाही. तोफ विकत घेता येते; ती घडविणारी विद्या आणि तिच्यामागे उभा राहणारा समाज विकत मिळत नाही.

लोखंड, शेत आणि साम्राज्ये

म्हणूनच त्यांनी आपले लक्ष कारखाना आणि शेत यांकडे वळविले. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १८९२ मध्ये त्यांनी लोखंडाच्या धंद्यावर निबंध वाचला आणि बेपूर, बराकर अशा ठिकाणचे प्रयत्न कोठे अडले याची चिकित्सा केली. लोखंड हा इतर सर्व उद्योगांचा पाया आहे व तो देशातच रुजला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याआधी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी रशियातील भूदासांची मुक्तता आणि प्रशियातील जमीनविषयक कायदे यांवर लेख लिहिले होते. कुळाला जमिनीचा मालक कसे करावे, हे त्यांना दूरच्या साम्राज्यांकडून शिकायचे होते.

ज्या रशिया व प्रशियाचा त्यांनी अभ्यास केला, त्यांची सिंहासने त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांच्या आत उलथून पडली. १९१४ साली सुरू झालेले महायुद्ध कारखान्यांचे युद्ध होते. रशियाजवळ माणसांना तोटा नव्हता, परंतु १९१५ मध्ये तोफगोळे अपुरे पडले. भूदासांना मुक्ती मिळाली होती, तरी जमिनीची किंमत हप्त्याहप्त्याने फेडण्याचे ओझे शेतकऱ्यांच्या मानगुटीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते. मार्च १९१७ मध्ये राजधानीतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडण्याचे नाकारले आणि झारने राजत्याग केला. नोव्हेंबर १९१८ मध्ये कील बंदरातील खलाशांच्या बंडानंतर जर्मन सम्राट पळून गेला. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रियाचे सम्राट कार्ल यांनी राज्यकारभारातून अंग काढून घेतले. तहाची खटपट करूनही त्यांना युद्ध थांबविता आले नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. १९२२ साली तुर्कांची सुलतानशाही रद्द झाली. तिच्या विरुद्ध मेसोपोटेमियाच्या रणात लढलेल्यांत मराठा पलटणींचे असंख्य जवान होते, आणि तेथे अंथरलेले लोहमार्गाचे रूळ जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातील होते. लोखंडाविषयीची रानडे यांची अपेक्षा अंशतः खरी ठरली. पण ते लोखंड दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी वापरले गेले.

मनुष्य म्हणून

रानडे यांच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही, १८७३ मध्ये प्रथम पत्नी सखूबाई वारल्यावर त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. त्या रमाबाईंना त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून शिकविले आणि पुढे त्यांनी पुण्यातील सेवासदनाद्वारे असंख्य स्त्रियांना आधार दिला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेल्या वादळात रानडे यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, तेव्हा स्नेहीजनही नाराज झाले. समाजाला सोबत घेऊन चालायचे तर कधी माघारही घ्यावी लागते, अशी त्यांची धारणा होती. ती प्रत्येक वेळी योग्य होती का, यावर आजही दुमत होऊ शकते.

निफाडची आजची साक्ष

निफाड तालुक्यातीलच ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई लढाऊ विमाने येथील कामगारांच्या हातांनी तयार झाली. ज्या विद्येअभावी शिंद्यांचे सैन्य पोरके झाले, ती विद्या रानडे यांच्या जन्मभूमीत नांदते आहे, याचा आम्हाला आनंद वाटतो. परंतु त्यांच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग कारखान्यात तयार होत नाही. ओझरच्या आसपासच्या द्राक्षबागांतील मजुराला, लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला, शाळेत जाणाऱ्या मुलीला हे राज्य आपले वाटते का, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुढे ठेवला आहे. जयंतीच्या दिवशी पुतळ्याला हार घालताना आपण त्याचेही उत्तर शोधावे, अशी आमची विनंती आहे. निफाडच्या या थोर सुपुत्राच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.